माझ्याच अक्षरातला दाखला

घराचं छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा मी ठाण्याला एका इंजिनेर साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. आता या वयात त्या शहाणपणाची नुसती आठवण झाली तरी अंगाचा तिळपापड होतो. पण लिहायला बसलोच आहे, तर लपवून काय करू?

घर कल्याणला, शेणाळे तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. फार मोठं नव्हे. ओटी, पडवी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. वर नळीची कौलं. दर वर्षी वैशाखात आमचा घरचा सुतार येऊन छप्पर शाकारून जाई, म्हणजे सगळी कौलं उतरवून, फुटकी काढून, पुन्हा बसवून देई. त्याचा बाप माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे येत असे. घराचा दरवाजा, झोपाळ्याच्या कड्या, वडिलांची खाट, सगळं त्या बापलेकांच्या हातचं.

वडील उभा जन्म मिठागरावर कारकुनी करून घरी बसलेले. त्या साली पौषात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, बुद्धी तर माझ्यापेक्षा शाबूत, पण उठणं बसणं संपलं. त्यांची खाट पडवीत होती. तिथून त्यांना आढं दिसे, वासे दिसत, आणि एका वाशाला वाळवी लागली आहे हेही त्यांनीच मला दाखवलं. पडल्या पडल्या माणूस दुसरं काय बघणार?

"यंदा नुसतं शाकारून भागायचं नाही," ते म्हणाले. "चार वासे बदलावे लागतील. सुताराला निरोप दे."

मी निरोप दिला नाही. माझ्या मनात मंगळुरी कौलं होती. ठाण्याला साहेबांच्या बंगल्यांवर तेव्हा ती लाल चपटी कौलं नुकती चढू लागली होती, आणि कल्याण बंदरावर गलबतातून उतरवताना मी ती पाहिली होती. आपल्या घरावर ती असावीत, रस्त्यानं जाणाऱ्यानं मान वर करून बघावं, ही माझी हौस. वडिलांच्या दुखण्यात मला ही हौस सुचली, हे आज लिहितानाही हात जड होतो.

तरी मी सुताराला एकदा बोलावलं. त्यानं खाली उभं राहून बराच वेळ छप्पर न्याहाळलं, मग म्हणाला, "दादा, ही कौलं वायली, आपले नलीसारकी नाय. याना छपराचा उतार वायला लागतं. सगलं वासं हलवावं लागतील. तुमचे बापसाला आता तरास नको. मी चार वासं बदलून देतू, जुनीच कौलं बसवतू. आठ दिसाचा काम."

वयानं तो माझ्या वडिलांच्या जवळपासचा, पण त्याला अरे-तुरे करायची आमच्याकडे वहिवाट होती, ती मीही चालवली. "तू कधी मंगळुरी कौलं बसवली आहेस का?" मी विचारलं.

"नाय."

"कुणा साहेबाचं काम केलंस? दाखला आहे का तुझ्याकडे कुणाचा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं आमच्या दरवाजाच्या चौकटीवर हात ठेवला. पागोटं सारखं केलं आणि गेला. वडिलांनी पडवीतून सगळं ऐकलं होतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता दाखल्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण माझी माती तिथंच झाली. आमच्या साहेबाकडे मक्तेदारांची रीघ असे. कुणी पूल बांधलेला, कुणी धर्मशाळा, कुणी नुसतीच खडी पुरवलेली. काम संपलं की प्रत्येकाला साहेबाच्या सहीचं सर्टिफिकेट हवं. साहेब मजकूर लिहीत नसे. मजकूर मी लिही, तो सही ठोकी. माझ्याजवळ तीन साचे होते. काम चांगलं केलेल्याला एक, बऱ्यापैकी केलेल्याला दुसरा. आणि तिसरा ज्याची कटकट संपवायची त्याला. हा तिसरा सगळ्यांत गोड असे. साहेबच एकदा हसत म्हणाला होता की नकोशा माणसाची भरपूर स्तुती करावी, म्हणजे तो ती घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो. मीही हसलो होतो. आणि त्या तिसऱ्या साच्यावर मी जीव ओतून मेहनत घेतली होती. वक्तशीर, प्रामाणिक, कामात निष्णात, ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा. इंग्रजी शब्द असे ओळीनं बसवले होते की वाचताना मलाच गहिवरून यावं.

फाल्गुनात एक मक्तेदार माझ्या ठाण्याच्या बिऱ्हाडी आला. अंगात पांढरा स्वच्छ अंगरखा, बोलणं मऊ. माझं छपराचं काम निघालंय हे त्याला कुणाकडून कळलं देव जाणे. त्यानं खिशातून एक मेणकापडाची घडी काढली आणि तिच्यातून कागद. मी उघडून पाहिला. खाली आमच्याच पूर्वीच्या साहेबाची सही होती, आणि वरचं अक्षर माझं.

"रावसाहेब, दाखले माझ्याकडे पुष्कळ आहेत," तो म्हणाला, "पण आपल्या हातचा हा एवढाच मी उराशी बाळगतो. असं अक्षर आणि असा मजकूर आणखी कुणाचा नाही."

वक्तशीर, प्रामाणिक, निष्णात. तिसरा साचा. मी तो ओळखला का? ओळखला. पण त्या क्षणी मला आठवलं ते साचा कशासाठी होता हे नव्हे, तर तो किती सुरेख उतरला होता हे. माणूस स्वतःच्या तोंडचं खोटं ऐकून फसत नाही म्हणतात, पण वळणदार अक्षरात लिहून, खाली साहेबाची सही घेऊन समोर ठेवलं तर फसतो. निदान आमच्यासारखा, ज्याचं सारं आयुष्य कागदावर चाललं, तो फसतोच. मी लगेच हो म्हटलं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कागद काय सांगणार तुला? त्यानं ज्या घरावर कौलं घातली तिथं जा. घरातल्या बाईला विचार, पावसात भांडी मांडावी लागतात का. ती खरं सांगेल."

मी हसलो. उद्धट हसू नव्हतं ते. वडीलधाऱ्यांचा काळ मागे पडला, आता जग कागदावर चालतं, अशा अर्थाचं समजूतदार हसू. उद्धट असतं तर बरं झालं असतं.

चैत्रात काम सुरू करायचं ठरलं. छप्पर उघडायचं म्हणजे वडिलांना तिथं ठेवता येईना. मी त्यांना ठाण्याला माझ्या बिऱ्हाडी न्यायचं म्हटलं. दोन खोल्या, खालच्या मजल्यावर, शेजारी मालकाची गोठ्याची भिंत. वडील नको म्हणाले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"मला परक्याच्या जागेत मरायचं नाही, एवढं लक्षात ठेव. माझी खाट इथंच पडवीत आली पाहिजे."

मी शब्द दिला. त्यांना मेण्यातून स्टेशनावर नेलं, तिथून आगगाडीनं ठाण्याला. मेण्यात बसवताना त्यांनी मान वळवून आढ्याकडे पाहिलं, ते मला आजही दिसतं.

आमच्या भागातल्या कारागिरांत एक रीत होती. घराचं काम सुरू करताना घरधन्यानं उंबऱ्यावर नारळ फोडायचा, अर्धी वाटी घरात, अर्धी कारागिराच्या हातात. तो वाटी घेऊन घरी गेला की ते काम त्याचं. तो चार माणसांसमोर "काम सुटलं" म्हणेपर्यंत दुसरा कारागीर त्या घराच्या खिळ्यालाही शिवणार नाही. रीत चांगली होती. एकाच्या तोंडचा घास दुसऱ्यानं काढू नये म्हणून ती निघाली असणार. मी नारळ फोडला, वाटी मक्तेदाराच्या हातात दिली. त्याच दिवशी त्याच्या माणसांनी कौलं उतरवली. दुसऱ्या दिवशी कौलांखालच्या रिपा काढल्या. तिसऱ्या दिवशी माणसं आली नाहीत.

मग कितीतरी दिवस आलीच नाहीत.

मी रविवारी कल्याणला जाई. घर उघडं बोडकं उभं. माजघरात ऊन पडलेलं, पडवीत कावळे. अंगणात जुनी कौलं रचून ठेवलेली, मंगळुरी कौलांचा पत्ता नाही. मक्तेदाराला निरोप पाठवले. कधी तो भिवंडीला गेलेला असे, कधी त्याच्या घरी सुतक. एकदा म्हणे कौलांचं गलबत वसईला अडकलंय. पुढे मला कळलं की त्याची ही नेहमीची पद्धत होती. आधी छप्पर उघडायचं, नारळाची वाटी घरी नेऊन ठेवायची, आणि मग दुसरीकडे मोठं काम धरायचं. उघड्या घराचा धनी जाणार कुठं?

मी दुसरे कारागीर शोधले. एकानं विचारलं, "नारळ कुणाचा?" मी सांगितलं. तो उठूनच गेला. दुसऱ्यानं हात जोडले. तिसरा तर कल्याणचाही नव्हता, पण त्यालाही आधी बातमी गेलेली. शेवटी चेहरा पाडून मी आमच्या सुताराकडे गेलो.

तो अंगणात रंधा मारत होता. मला बघून उठला, घोंगडी अंथरली. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. त्यानं मला एका शब्दानं टोचलं नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"दादा, मी आज आलू आसतू," तो म्हणाला. "तुमचे बापसासाठी आलू आसतू. पन दुसऱ्याचे नारलावं मी हात नाय लावनार. माजे बापसानं नाय लावला, मी नाय लावनार. तुमी त्याचे तोंडून काम सोडवून आना. दुसरे दिशी मी हजर."

"तो सोडत नाही रे."

"मंग त्याला काय पायजे ते इचारा. त्याला काय तरी पायजे आसंल."

इकडे ठाण्याला वडील रोज सकाळी विचारत, "कौलं चढली का?" मी म्हणे, "चढताहेत." आमचं कुटुंब मान खाली घालून त्यांना पेज भरवी. पलीकडे गोठ्यातल्या म्हशी हंबरत. वडिलांना त्या खोलीत वर बघायला नुसता मातीचा माळा होता. "इथं वर काहीच नाही बघायला," ते एकदा म्हणाले. दिवसेंदिवस त्यांचं खाणं कमी होत गेलं. वैद्य म्हणाले की हवापालट करा, आपल्या घरी न्या. आपल्या घरी! मला वैद्याचा राग आला, मक्तेदाराचा आला, सगळ्या जगाचा आला. स्वतःचा यायला अजून थोडा वेळ होता.

ज्येष्ठ लागला. आभाळ भरून येऊ लागलं. मक्तेदार मला अखेर ठाण्यातच सापडला, एका नव्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभा राहून माणसांवर ओरडत होता. बंगल्यावर मंगळुरी कौलं चढत होती. ती माझ्या घरासाठीची होती का, हे मी विचारलं नाही. भांडलो मात्र पुष्कळ. तोंडाला येईल ते बोललो. तो शांत.

"रावसाहेब, रागावू नका. सोडतो मी आपलं काम. येत्या सोमवारी कल्याणला येऊन चार लोकांत सांगतो." मग तो जरा जवळ आला. "फक्त एक कागद द्या. आपल्या घराचं छप्पर मी समाधानकारक केलं असा. साहेबांचे दाखले जुने झाले, रावसाहेब. आता लोक घरचा दाखला मागतात. आणि तोही आपल्या अक्षरात असला म्हणजे..."

मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. घरी आलो. वडिलांनी विचारलं, "कौलं चढली का?" मी पडवीचा विचार केला, त्यांच्या खाटेचा केला, दिलेल्या शब्दाचा केला. मग दौत काढली आणि बसून लिहिलं. वक्तशीर, प्रामाणिक, निष्णात. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा. खाली माझी सही आणि हुद्दा. लिहिताना मला लाज वाटत होती, आणि तरीही एका शब्दाचं वळण बिघडलं म्हणून मी कागद बदलून पुन्हा लिहिला. आमच्या हाडात मुरलंय ते.

सोमवारी त्यानं काम सोडलं. मंगळवारी पहाटे आमचा सुतार आपल्या दोन माणसांना घेऊन छपरावर चढला. चार वासे बदलले, जुनीच कौलं बसवायला घेतली. मी रजा काढून कल्याणला जाऊन येऊन होतो. शुक्रवारी माजघर झाकलं, रविवारी ओटी. पडवी तेवढी राहिली.

रविवारी मी ठाण्याला परत आलो. या खेपेला मला खोटं बोलायचं नव्हतं. वडिलांच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "आपला सुतार आलाय. पडवी उद्या होईल. मंगळवारी तुम्हाला न्यायचं, मेणा सांगून ठेवलाय."

त्यांनी डोळे उघडले. "आपला सुतार?"

"हो."

"मग होईल," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी पेजेचे चार घोट मागून घेतले.

सोमवारी दुपारी ते गेले. त्याच सुमारास तिकडे सुतार पडवीवरचं शेवटचं कौल बसवत होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं नाही, मीच हिशेब केला. तो मंगळवारी मेण्याची वाट बघत ओटीवर उभा होता. पडवी झाडून घेतली होती, खाट जागच्या जागी मांडली होती, खाटेचा एक पाय डगमगत होता तो ठोकून नीट केला होता. मेण्याऐवजी मी एकटाच आलेलो पाहून तो खाली बसला आणि पागोटं काढून ठेवलं. मी त्याच्यासमोर मोठ्यानं रडलो. कारकून माणसानं सुतारापुढे रडावं की नाही याचा विचार तेव्हा सुचला नाही.

पाऊस त्यानंतर आठवड्यानं आला. पडवीत थेंब पडला नाही.

त्याला दोन वर्षं झाली असतील. एक दिवस डोंबिवलीहून एक मास्तर माझ्या बिऱ्हाडी आले. इंग्रजी शिकवत, माझ्याहून लहान, हसतमुख गृहस्थ. त्यांनी आदरानं नमस्कार केला आणि मेणकापडाच्या घडीतून एक कागद काढला. मला तो उघडायची गरज नव्हती.

"हे आपलं सर्टिफिकेट. मी याच्या भरवशावर काम दिलं त्यांना. म्हटलं आपल्याला एकदा भेटून यावं. काय सुंदर इंग्रजी आहे हो! मी वर्गात मुलांना कित्ता म्हणून घालणार आहे."

मी म्हणालो, "मास्तर, ते खोटं आहे."

त्यांना वाटलं मी विनय करतोय. मग मी सगळं सांगितलं. छप्पर, नारळ, बंगल्याचा व्हरांडा, कागद का लिहिला ते. मास्तरांनी सगळं सभ्यपणानं ऐकून घेतलं. मग जरा चाचरत विचारलं, "त्यांच्याशी आपलं काही बिनसलंय का?"

"अहो, बिनसलंय म्हणजे काय!"

"तसं नाही. पण आपल्यासारखा जबाबदार माणूस सही करून खोटं लिहील हे कसं मानायचं? रागाच्या भरात माणूस बोलतो काहीबाही. लिहिताना मात्र विचार करतोच ना?"

"कागदाला काय विचारता?" मी जवळजवळ ओरडलो. "त्यानं ज्या घरावर कौलं घातली तिथं जा. घरातल्या बाईला विचारा, पावसात भांडी मांडावी लागतात का!"

मास्तर हसले. उद्धट हसू नव्हतं ते. मला समजून घेणारं हसू होतं. मी ते ओळखलं.

त्यांनी कागदाची घडी नीट केली, मेणकापडात गुंडाळली, नमस्कार केला. ते पायरीवर पोचले तेव्हा मला भान आलं.

"मास्तर, नारळ फोडलात का?"

"परवाच फोडला," ते म्हणाले. "आईला तोवर बहिणीकडे ठेवलंय. झोपूनच असते ती. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे."